ट्रेलरचा ब्रेक चालकाच्या हातात हवा

ऑस्ट्रेलियात आडवाटांवर मुक्कामी जाणारे अनेक हौशी लोक आपला कॅम्पिंग ट्रेलर स्वतः बांधतात. सांगाडा, पाटे, पाण्याची टाकी, स्वयंपाकाचा ओटा, छपरावरचा तंबू या सगळ्यांवर महिनोन्‌महिने खल होतो. ब्रेकचा प्रश्न मात्र बहुधा शेवटी निघतो आणि तीन ठरीव मतांपैकी एखाद्यावर मिटतो. पहिले मत असे की ट्रेलर हलका आहे, त्याला ब्रेक लागतच नाहीत. दुसरे असे की ओढणारी गाडी दमदार आहे, तिचे ब्रेक दोघांना पुरतात. तिसरे असे की ब्रेक लावायचेच तर ओव्हररन, म्हणजे ट्रेलरच्याच रेट्याने लागणारे, लावावेत. त्यांना ना वायर लागते ना वीज, त्यामुळे बिघडायला काही उरत नाही. या तिन्ही मतांत थोडे तथ्य आहे आणि तेवढ्या तथ्याच्या आधारावरच ती टिकून आहेत. सपाट डांबरी रस्त्यावर ती खपूनही जातात. निसरड्या उतारावर मात्र ती एकामागून एक कोसळतात, आणि आडवाटेचा ट्रेलर बांधला जातो तो अशाच उतारांसाठी.

अशा ट्रेलरला प्रत्येक चाकावर ब्रेक हवा, आणि तो गाडीच्या पॅडलला पाय न लावता चालकाला स्वतंत्रपणे लावता आला पाहिजे. घरी बांधणाऱ्याच्या आवाक्यात ही अट सर्वांत सरळपणे पुरी करतो तो इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक. वरची तिन्ही मते का टिकत नाहीत आणि या ब्रेकवरचे आक्षेप कितपत खरे आहेत, हे क्रमाने पाहता येते.

हलका ट्रेलर किती हलका?

ब्रेक नको म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार कायद्याचा असतो. ऑस्ट्रेलियातील छोट्या ट्रेलरच्या बांधणीची मार्गदर्शिका, म्हणजे व्हेइकल स्टँडर्ड्स बुलेटिन १, ७५० किलोपर्यंत जीटीएम असलेल्या एका अ‍ॅक्सलच्या ट्रेलरला ब्रेकची सक्ती करत नाही. जीटीएम म्हणजे भरलेला ट्रेलर गाडीला जोडलेला असताना त्याच्या स्वतःच्या चाकांवर येणारे वजन. ७५० ते २,००० किलोपर्यंत किमान एका अ‍ॅक्सलच्या चाकांना ब्रेक हवेत आणि तिथे ओव्हररनही चालतात. २,००० किलोंच्या वर सर्व चाकांना, चालकाच्या जागेवरून लागणारे ब्रेक हवेत. शिवाय ट्रेलर सुटला तर आपोआप लागून किमान १५ मिनिटे टिकणारी ब्रेकअवे यंत्रणा हवी.

हा आकडा भरलेल्या ट्रेलरचा आहे, ही गोष्ट हिशेबातून निसटते. पाटे, अ‍ॅक्सल आणि जाड पत्र्याची पेटी धरून मजबूत बांधणीचा रिकामा ट्रेलर सहज ४०० किलोंचा होतो. त्यात १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. डिझेलचे २० लिटरचे दोन कॅन सुमारे ३५ किलो, छपरावरचा तंबू ६० किलो, भरलेला फ्रिज ४० किलो, १०० अँपिअर-तासांची एजीएम बॅटरी ३० किलो, जादा चाक ३० किलो, हत्यारे आणि गाडी चिखलातून काढण्याचे सामान ४० किलो. इथवर बेरीज ७३५ किलो झाली. शिधा, कपडे, खुर्च्या, गॅसची टाकी अजून चढायचीच आहेत. कपलिंगवर टेकणारा भार वजा केला तरी आकडा ७५० च्या आसपासच घुटमळतो, आणि पुढच्या वर्षी मागे एक चांदणी किंवा दुसरी टाकी जोडली की तो सीमा ओलांडतो. तेव्हा ब्रेक बसवायला निघालेल्याला कळते की अ‍ॅक्सलवर ब्रेकची प्लेट बसवायची फ्लँजच नाही. आधी वाचवलेले पैसे तिथे दुपटीने जातात.

दुसरी मर्यादा गाडी बनवणाऱ्याने घातलेली असते आणि ती कायद्याइतकीच बंधनकारक असते. ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या तीनदारी सुझुकी जिम्नीला ब्रेक असलेला ट्रेलर १,३०० किलोपर्यंत ओढता येतो, ब्रेक नसलेला फक्त ३५० किलोपर्यंत. दोन्ही आकड्यांत गाडीचे इंजिन, सांगाडा आणि हूक तोच आहे. फरक केवळ ट्रेलर स्वतःला आवरू शकतो की नाही एवढाच आहे. गाडी किती ओढू शकते यापेक्षा किती थोपवू शकते हे महत्त्वाचे असते, हे त्या दोन आकड्यांतील अंतर सांगते. जिम्नीमागे लावायच्या ट्रेलरला ७५० किलोंची सवलत लागूच होत नाही.

इतर देशांचे नियम पाहिले तर ही सवलत आणखी आखडते. ब्रिटनमध्ये ब्रेक नसलेला ट्रेलर ७५० किलोंच्या आत तर हवाच, शिवाय ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त असता कामा नये. कॅलिफोर्नियात कॅम्प ट्रेलरला १,५०० पौंडांपासून, म्हणजे सुमारे ६८० किलोंपासून, ब्रेक सक्तीचे आहेत. हे सगळे आकडे रस्त्यावरच्या वापरासाठी ठरवलेली किमान पातळी आहेत. यापैकी कोणत्याही नियमाने ओल्या चिकणमातीचा तीव्र उतार डोळ्यांपुढे ठेवलेला नाही. तो विचार बांधणाऱ्यालाच करावा लागतो.

गाडीचे ब्रेक दोघांना का पुरत नाहीत?

दुसऱ्या मताची बाजू वरकरणी भक्कम दिसते. आजच्या चारचाकी-ड्राइव्ह गाड्यांना मोठ्या डिस्क असतात, एबीएस असते, उतारावर वेग आपोआप आवरणारी यंत्रणा असते, लो-रेंज गिअर असतो. पण या सर्व सोयींची शेवटची मदार एकाच गोष्टीवर असते, ती म्हणजे टायर आणि जमीन यांच्यातील पकड. एबीएस ती पकड वाया जाऊ देत नाही. नसलेली पकड निर्माण करणे तिच्या हाती नसते. इंजिनाचा ब्रेकही त्याच टायरमधून जमिनीवर उतरतो. ट्रेलरच्या चाकांना ब्रेक नसेल तर त्या चाकांखालची पकड संपूर्ण वाया जाते आणि ट्रेलरच्या वजनाचा भार गाडीच्या चार टायरांवर पडतो.

उदाहरणादाखल २,२०० किलोंची गाडी आणि १,२०० किलोंचा भरलेला ट्रेलर घेऊ. ट्रेलरचे १२० किलो वजन कपलिंगवरून गाडीवर येते असे धरू. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ मानला तर एकटी गाडी ताशी ८० किलोमीटर वेगातून सुमारे ३२ मीटरमध्ये थांबते. मागे बिनब्रेकचा ट्रेलर असेल तर हेच अंतर सुमारे ४६ मीटर होते. सैल खडीच्या रस्त्यावर घर्षणांक ०.४५ धरला तर अनुक्रमे ५६ आणि ८२ मीटर लागतात. पुढे अचानक कांगारू किंवा गुरे आडवी आली तर हे जादा २६ मीटर निर्णायक ठरतात. पॅडलवर पाय जाण्याआधी कापलेले अंतर यात धरलेलेही नाही.

उतारावर प्रश्न अंतराचा राहत नाही, गाडी थांबेल की नाही असा होतो. समजा, तीन मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली उतरणारी वाट आहे आणि माती अशी की घर्षणांक ०.४. एकट्या गाडीला त्या उतारावर थोपवून धरायला सुमारे ७०० किलोंइतका जोर लागतो आणि तिचे टायर सुमारे ८३५ किलोंइतका जोर देऊ शकतात, गाडी थांबते. ट्रेलर जोडल्यावर लागणारा जोर सुमारे १,०७५ किलोंइतका होतो, तर गाडीच्या टायरांची कुवत जेमतेम ८८० पर्यंत जाते. चालकाने कितीही जोरात पॅडल दाबले तरी ही जोडी थांबणार नाही, कारण कमी पडते आहे ती पकड, ब्रेकचा दाब नव्हे. ट्रेलरच्या चाकांनाही ब्रेक असेल तर एकूण कुवत सुमारे १,२९० होते आणि जोडी थांबते. गाडी तीच, उतार तोच, मातीही तीच. निकाल मात्र उलटा.

यातला धोका केवळ घसरत जाण्याचा नाही. भरली बैलगाडी उतारावर जशी बैलांच्या मानेवर येते, तसा हा ट्रेलर गाडीच्या मागच्या टोकावर येतो. वरच्या उतारावर त्याचा रेटा सुमारे ३८० किलोंइतका असतो. उतारावर गाडीचा भार पुढच्या चाकांवर सरकतो आणि मागची चाके हलकी होतात. नेमक्या त्याच बाजूला हा रेटा बसतो. गाडी आणि ट्रेलर एका रेषेत असतील तोवर तो सहन होतो. वळणात दोघांमध्ये २० अंशांचा कोन झाला की त्यातला सुमारे १३० किलोंचा भाग गाडीची मागची बाजू आडवी ढकलू लागतो. मागची चाके सुटली की कोन वाढतो, कोन वाढला की आडवा रेटा वाढतो, आणि ट्रेलर गाडीवर दुमडतो. गाडीचे ब्रेक दाबल्याने हे थांबत नाही, उलट बळावते. ते थांबवायचा एकच मार्ग असतो: मागून ट्रेलरला धरणे.

ओव्हररन कुठे चालतो आणि कुठे नाही?

ओव्हररन ब्रेकची कल्पना सुटसुटीत आहे. गाडी मंदावली की मागून येणारा ट्रेलर कपलिंगचा सरकता दांडा आत रेटतो. तो दांडा केबल ओढतो किंवा तेलाचा दाब निर्माण करतो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. गाडीत काहीच बसवावे लागत नाही. युरोपात ३,५०० किलोपर्यंतच्या ट्रेलरांत हीच पद्धत सर्रास दिसते आणि तिथल्या पक्क्या रस्त्यांवर ती चोख काम करते. निरनिराळ्या गाड्यांमागे लागणाऱ्या भाड्याच्या ट्रेलरांना आणि पाण्यात बुडवाव्या लागणाऱ्या बोटींच्या ट्रेलरांनाही ती सोयीची आहे. तेवढ्यावरून ती आडवाटेसाठीही बरी ठरवणे ही चूक आहे.

पहिली अडचण तिच्या कार्यपद्धतीतच आहे. ट्रेलरने गाडीला रेटल्याखेरीज हा ब्रेक लागत नाही. ज्या रेट्यापासून गाडीला वाचवायचे, तोच रेटा आधी गाडीने सोसायचा, मग ब्रेक काम करणार. लो-रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये, पॅडलला पाय न लावता निसरडा उतार उतरताना चालकाला हवे असते ते याच्या नेमके उलट. ट्रेलर किंचित मागे ओढलेला राहावा, कपलिंगमध्ये ताण असावा, म्हणजे दोघे एका रेषेत राहतात. ओव्हररनला हे रचनेनेच अशक्य आहे.

दुसरी अडचण फसलेल्या चढाची. तीव्र चढावर चाके जागीच फिरू लागली किंवा इंजिन बंद पडले की जोडी मागे सरकू लागते. आता जड ट्रेलर उताराच्या खालच्या बाजूला असतो आणि गाडीला खाली ओढत असतो. कपलिंगचा दांडा दाबला न जाता बाहेर ताणला जातो. ओव्हररन ब्रेक या स्थितीत मुळीच लागत नाही. आडवाटेवरचा सर्वांत भीतिदायक प्रसंग हाच, आणि त्यात ट्रेलर बिनब्रेकचा होऊन बसतो. ट्रेलरचा हँडब्रेक ओढायचा तर दुसऱ्या माणसाने घसरत्या जोडीच्या मधे शिरायला हवे. असला उपाय कोणी सुचवूही नये.

तिसरी अडचण मागे घेण्याची. चढाकडे ट्रेलर मागे ढकलायचा झाला की दांडा दाबला जातो आणि ब्रेक नको तेव्हा लागतात. त्यासाठी जुन्या रचनांत हाताने लावायची कडी असते, नव्यांत चाके उलटी फिरली की आपोआप सैल होणारे ब्रेक असतात. यातली कडी लावून विसरली तर पुढच्या उतारावर ट्रेलरला ब्रेकच नसतो. आपोआप सैल होणारे ब्रेक तर मागे घसरताना, म्हणजे गरजेच्या वेळीच, सोडून देतात.

चौथी अडचण झिजेची. पश्चिम ऑस्ट्रेलियातील गिब रिव्हर रोडसारख्या मार्गावर शेकडो किलोमीटर लहान लहान उंचवट्यांची खडबड असते. तिथे सरकता दांडा अखंड पुढेमागे आदळत राहतो. त्याच्या बुशांत बारीक धूळ शिरते आणि ग्रीसमध्ये मिसळून कानसेसारखी घासते. ज्याच्यात बिघडायला काही नाही असे म्हटले जाते, त्यात इथे सर्वांत आधी खुळखुळा होतो. दांड्यात मोकळीक वाढली की ब्रेक उशिरा आणि झटक्याने लागू लागतात.

इलेक्ट्रिक ब्रेक कसा चालतो?

इलेक्ट्रिक ड्रम ब्रेकमध्ये प्रत्येक ड्रमच्या आत, एका आडव्या दांड्याच्या टोकाला विद्युतचुंबक असतो. वीज मिळाली की तो ड्रमच्या आतल्या सपाट तोंडाला चिकटतो. फिरता ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढतो, दांडा वळतो आणि ब्रेक-शू ड्रमवर दाबले जातात. लागणारी ताकद ड्रमच्या फिरण्यातूनच मिळते, त्यामुळे प्रत्येक चुंबकाला १२ व्होल्टवर साधारण ३ अँपिअर एवढाच प्रवाह पुरतो.

किती वीज सोडायची हे गाडीतला कंट्रोलर ठरवतो. चालकाने पॅडल दाबले की तो गाडी किती वेगाने मंदावते आहे हे मोजून त्या प्रमाणात ट्रेलरचे ब्रेक लावतो. शिवाय त्याच्यावर हाताने चालवायचे बटण किंवा घुंडी असते, आणि आडवाटेच्या दृष्टीने खरे मोल तिचे आहे. उतारावर पाय पॅडलवर न नेता तिने ट्रेलर मागून अलगद धरता येतो. महामार्गावर ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागला तर गाडीचे ब्रेक न दाबता फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूच लावून त्याला सरळ ओढता येते. चढावरून मागे घसरतानाही हे ब्रेक लागतात, कारण चुंबकाला ड्रम कोणत्या दिशेने फिरतो याने अडत नाही. उलट्या दिशेला त्यांचा जोर कमी असतो हे खरे, पण कमी जोर आणि शून्य जोर यांत त्या क्षणी फार मोठा फरक असतो.

कंट्रोलर निवडताना म्हणूनच हाताने चालवायची सोय चालकाच्या बोटाशी असेल असाच घ्यावा. जे कंट्रोलर केवळ गाडीच्या मंदावण्यावर अवलंबून असतात, त्यांना रांगत्या वेगात मोजण्याजोगे काही सापडत नाही आणि ट्रेलरला फार थोडा ब्रेक मिळतो. ट्रेलरचा ब्रेक चालकाने ठरवलेल्या प्रमाणातच लागेल अशी दुसरी रीत निवडता येणारे कंट्रोलर मिळतात. आडवाटेला तेच घ्यावेत.

आक्षेप आणि त्यांतले तथ्य

इलेक्ट्रिक ब्रेकवरचा नेहमीचा आक्षेप असा की धूळ-पाण्यात वीज टिकत नाही. यातला चुंबकाबद्दलचा भाग निराधार आहे. १२ व्होल्टचा बंदिस्त गुंडाळा ओढ्याच्या पाण्यात बुडाल्याने निकामी होत नाही. ओल्या लायनरांची पकड तात्पुरती कमी होते, पण ती ओव्हररनच्या ड्रमचीही होते; पलीकडच्या काठावर हळू चालत दोन-चार वेळा ब्रेक लावून ते वाळवावे लागतात. चिखल आत राहिला तर लायनर आणि चुंबकाचे तोंड लवकर झिजते, म्हणून लांबच्या प्रवासानंतर ड्रम उघडून साफ करणे भाग आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी हब थंड होऊ देणे तितकेच महत्त्वाचे आहे. तापलेला हब थंड पाण्यात पडला की आतली हवा आकसते, सीलमधून पाणी ओढले जाते आणि बेअरिंग गंजते.

वायरिंगबद्दलचा आक्षेप मात्र पूर्ण खरा आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. इलेक्ट्रिक ब्रेक निकामी होतो तो बहुतेक वेळा वायरमुळे, आणि घरी बांधणारे याच ठिकाणी काटकसर करतात. गाडीपासून ट्रेलरच्या चाकापर्यंत जाण्यायेण्याची मिळून १६ मीटर तांब्याची वायर धरू. १ चौरस मिलिमीटर जाडीची वायर वापरली तर दोन चुंबकांच्या ट्रेलरला १२ पैकी सुमारे दीड व्होल्ट वाटेतच जातो. चार चुंबक असतील तर अडीच व्होल्टांहून जास्त, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून अधिक. चार चौरस मिलिमीटरची वायर घातली तर चार चुंबकांनाही पाऊण व्होल्टच घटतो. ब्रेक लागतच नाही अशी तक्रार करण्याआधी चुंबकाच्या टोकाशी व्होल्टेज मोजावे. दोष बहुधा तिथेच सापडतो.

अर्थिंगही त्याच जाडीच्या वेगळ्या वायरने गाडीपर्यंत न्यावे, हुकाच्या गोळ्यावर किंवा गंजलेल्या सांगाड्यावर सोडू नये. ऑस्ट्रेलियातील सात पिनांच्या सपाट प्लगमध्ये ब्रेकसाठी पाचवी पिन आणि निळी तार ठरलेली आहे. तो क्रम पाळला तर वाटेत कोणत्याही गॅरेजात दोष शोधता येतो. अ‍ॅक्सलजवळ वायर पाट्यांच्या हालचालीत ताणली जाणार नाही, दगड लागणार नाही, पत्र्याच्या कडेवर घासणार नाही अशी नळीतून न्यावी. सांधे दाबून, सील करून घ्यावेत. ही कामे कौशल्यापेक्षा चिकाटीची आहेत. जो माणूस स्वतःच्या हाताने सांगाडा वेल्ड करतो, त्याला ती अवघड म्हणता येणार नाहीत.

दुसरा आक्षेप उलट टोकाचा आहे: बसवायचेच तर डिस्क का नकोत? डिस्क ब्रेक ओले झाले तरी लवकर सावरतात आणि लांब घाटउतारावर कमी तापतात, यात शंका नाही. पण चालकाच्या ताब्यातले डिस्क ब्रेक म्हणजे ट्रेलरवर विजेचा पंप, तेलाच्या नळ्या आणि कॅलिपर. ड्रमच्या शूमध्ये फिरण्याने आपोआप घट्ट होण्याचा गुण असतो, तो डिस्कमध्ये नसतो. म्हणून ड्रमला जिथे चौरस इंचाला सुमारे १,००० पौंड दाब पुरतो तिथे डिस्कला १,६०० लागतो. तेलाची नळी दगडाने फुटली तर त्या नळीवरच्या सगळ्या चाकांचा ब्रेक जातो. इलेक्ट्रिक ड्रमच्या एका चाकाची फांदी तुटली तर बहुधा त्या एकाच चाकाचा. रिम आणि कॅलिपर यांच्या मधे खडे अडकतात, पाण्यातून जाऊन महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या ट्रेलरचे कॅलिपर आखडतात. तीन टनांचे कॅरव्हॅन डांबरी घाटांवरून नेणाऱ्याने डिस्कचा खर्च जरूर करावा. हजार-बाराशे किलोंच्या घरगुती ट्रेलरला, तेही जिथे सुटा भाग मिळायला दोन दिवस लागतात अशा प्रदेशात, डिस्कने मिळणाऱ्या फायद्यापेक्षा गुंतागुंत जास्त होते.

इलेक्ट्रिक ब्रेकची एक खरी उणीव उरते. चुंबकाला ताकद मिळते ती ड्रमच्या फिरण्यातून. चाक स्थिर असेल तर तो शू दाबू शकत नाही. ट्रेलर थोडा सरकला तरच ब्रेक पकड घेतो. म्हणून उभ्या ट्रेलरला तो धरून ठेवील असे कधीही गृहीत धरू नये. केबलने ओढायचा हँडब्रेक ज्यात आहे अशीच ब्रेक प्लेट घ्यावी आणि मुक्कामी चाकांना ठोकळे लावावेत. ज्या ट्रेलरमध्ये किंवा ट्रेलरवर माणसे झोपतात, त्याच्या बाबतीत यात सूट असू शकत नाही.

माप, चाके आणि जोडणी

ब्रेकचा प्रकार ठरला की माप ठरवावे लागते, आणि तिथे टायरचा व्यास हिशेबात येतो. आडवाटेच्या ट्रेलरला बहुतेक जण गाडीचीच चाके लावतात, म्हणजे जादा चाक दोघांना चालते. हा विचार योग्य आहे. पण १८५आर१४ या नेहमीच्या ट्रेलर टायरचा व्यास सुमारे ६५ सेंटिमीटर असतो, तर २६५/७५आर१६ चा सुमारे ८०. ब्रेकचा पीळ तोच राहिला आणि टायर मोठा झाला तर जमिनीवर पोचणारा जोर त्याच प्रमाणात घटतो. इथे तो जवळपास एक पंचमांश कमी होतो. लहान टायरच्या हिशेबाने काठावर पुरणारे १० इंची ड्रम मोठ्या टायरला अपुरे पडतात. अशा वेळी १२ इंची ड्रम घ्यावेत. १६ इंची रिममध्ये ते सहज बसतात. १० इंची प्लेटला चार बोल्टांची फ्लँज लागते, १२ इंचीला पाचांची. म्हणून हा निर्णय अ‍ॅक्सल बनवायला देण्यापूर्वी झाला पाहिजे.

दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरला २,००० किलोंच्या आत एकाच अ‍ॅक्सलवर ब्रेक कायद्याला चालतात. आडवाटेवर ते पुरत नाहीत. खड्ड्यातून किंवा उंचवट्यावरून जाताना एक अ‍ॅक्सल हलका होतो, कधी उचललाच जातो, आणि ब्रेक नेमका त्याच चाकांवर असेल तर त्या क्षणी ट्रेलरला ब्रेक उरत नाही. सगळ्या चाकांना ब्रेक हाच तिथे नियम असावा.

ब्रेकअवे यंत्रणेचेही तसेच. कायदा ती २,००० किलोंच्या वर मागतो, पण कपलिंगची पिन खडबडीत वाटेवर सुटण्याचा संभव वजन पाहून कमी होत नाही. कॅम्पिंग ट्रेलरवर बॅटरी असतेच. तिच्यातून एका स्विचमार्फत ब्रेकला वीज देणे हे थोड्या तासांचे काम आहे. स्विचची दोरी गाडीच्या पक्क्या जागी बांधावी, साखळीला किंवा कपलिंगला नव्हे. नाहीतर साखळी तुटताना दोरी ओढलीच जाणार नाही.

बसवून झाल्यावर ब्रेक जुळवणे तितकेच आवश्यक आहे. नवे लायनर ड्रमवर बसायला मध्यम वेगात बरेच वेळा ब्रेक लावावे लागतात. पहिल्या सुमारे ३०० किलोमीटरनंतर चाक उचलून शूचे अंतर पुन्हा घट्ट करावे, आणि पुढे नियमित; खडबडीत वाटांवर साधारण रस्त्यापेक्षा लवकर. कंट्रोलरचा जोर भरलेल्या ट्रेलरवरच ठरवावा: कोरड्या सपाट रस्त्यावर हळू वेगात, चाके लॉक होण्याच्या किंचित अलीकडे. डांबर सोडून खडीवर किंवा चिखलात उतरताना तो कमी करावा, कारण घसरणारे लॉक चाक ट्रेलरला आडवे जाऊ देते. ट्रेलर रिकामा झाला की पुन्हा कमी, भरला की पुन्हा जास्त. चुंबकांचे तोंड असमान झिजले असेल तर ते अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. एकच बदलला तर ब्रेक एका बाजूला ओढतो.

कोणता ब्रेक कितीला मिळतो किंवा कायदा किती वजनापर्यंत सोडतो, यावरून निवड सुरू करणे हेच या विषयातल्या बहुतेक चुकांचे मूळ आहे. आधी तो ट्रेलर जिथे जाणार तिथला सर्वांत वाईट उतार आणि सर्वांत वाईट चढ समोर ठेवावा. मग प्रत्येक ब्रेकला तीन प्रश्न विचारावेत. गाडीचे पॅडल न दाबता हा ट्रेलरला मागून धरू शकतो का? चढावरून मागे घसरताना लागतो का? वाटेत निकामी झाला तर दोष साध्या मीटरने सापडून हाती असलेल्या हत्यारांनी दुरुस्त होतो का? बिनब्रेकचा ट्रेलर पहिल्याच प्रश्नात संपतो, ओव्हररन पहिल्या दोहोंत, डिस्क बहुधा तिसऱ्यात. पुरेशा जाडीच्या वायरिंगसह प्रत्येक चाकावर बसवलेला, स्वतंत्र हँडब्रेक आणि ब्रेकअवे जोडलेला इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक तिन्ही प्रश्नांना उतरतो, आणि म्हणून आडवाटेच्या घरगुती कॅम्पिंग ट्रेलरला तोच लावावा.